दोन वर्षे न विकलेला नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ साली. पुढची दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. नांगर खोल चाले, माती उलटी करी, तण मुळासकट वर काढी. शेतकरी येत, बघत, हात लावून पाहत आणि निघून जात. लोखंडाने जमिनीला विष चढते, मग तिच्यात काही पिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचा गाभाच ऐकू येईनासा झाला आहे. शाळेतल्या भाषणात, उद्योजकांच्या शिबिरात, व्यापारी मंडळांच्या समारंभात ती एका दमात संपते. लोकांनी नाकारले, लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही, अखेर यश आले. यातले मधले वाक्य या प्रकरणात उघडून पाहायचे आहे. माल खपत नसताना रोज सकाळी कारखान्याचे दार उघडायचे, तर दिवसभर नेमके करायचे काय? कामगारांचा पगार कुठून द्यायचा? आणि दोन वर्षांनी शेतकऱ्याचे मन वळले ते कशाने? चिकाटीचा गुण म्हणून गौरव पुष्कळ झाला. रोजचे काम म्हणून ती कशी दिसते, हे नव्याने धंद्यात पडणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि त्याला गरज असते ती त्याचीच.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात ना धंद्याची परंपरा, ना यंत्राशी संबंध. मुलाचे शाळेत मन लागेना, हाताला मात्र चित्रकलेचे वळण होते. म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. अंशतः रंगांधळा असलेला विद्यार्थी रेषेत कितीही पक्का असला तरी रंगात चुकणारच. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा ठेवली आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. नोकरी पक्की, शहर मोठे, भोवती सगळी यंत्रे. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

ज्यांचे नाव आपण चिकाटीसाठी घेतो, त्यांनी तिशीपर्यंत चित्रकला आणि सरकारमान्य नोकरी अशा दोन मोठ्या गोष्टी सोडल्या होत्या. पुढे सायकलीचा धंदाही त्यांनी मागे टाकला. धरलेले काहीही सोडायचे नाही, असा त्यांचा स्वभाव नव्हता. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे याचा निवाडा त्यांना करता येत होता. रेषा, मोजमाप, यंत्राचा एकेक भाग सुटा करून समजून घेण्याची ओढ त्यांनी कधीच सोडली नाही. बाकी सारे त्या ओढीच्या सोयीने येत-जात राहिले. पुष्कळ हुशार माणसे नेमकी उलटी चूक करतात. दुकानाची जागा, मालाचा प्रकार, भागीदार, यांना घट्ट धरून बसतात आणि ज्यात आपला हात खरोखर चालतो ते मात्र हातचे घालवतात.

सायकलीचा धंदा त्यांनी मोठे बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सुरू केला होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव तिथलेच, १८८८ चे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची हौस. चालवायला शिकवण्याचे वेगळे १५ रुपये घेतले जात. गिऱ्हाईक मोजके, पण नगद. त्या धंद्याची खूण म्हणून बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

नोकरी सोडून आल्यावर लक्ष्मणरावांनी छोटी कार्यशाळा थाटली आणि पहिले यंत्र केले ते कडबा कापण्याचे. आज ज्याला गावोगाव कडबाकुट्टी म्हणतात ते. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला की जनावर पाला आणि शेंडा खाते, खालचा जाड बुडखा पायाखाली तुडवते. बारीक कापून दिला तर सगळा संपतो. चाऱ्याची ओढ असलेल्या वर्षी हा फरक म्हणजे एखादे जनावर विकावे लागणे की न लागणे. यंत्र म्हणाल तर एक जड चाक, त्यावर बसवलेली पाती, कडबा सरकवायची पन्हळ आणि फिरवायचा दांडा. शेतकऱ्याला ते बघता क्षणी कळे, कारण फायदा गोठ्यात डोळ्यांसमोर दिसे. आणि यंत्राने काही बिघडलेच तर चार पेंढ्या वाया जातील, जमीन जाणार नव्हती.

पगाराच्या प्रश्नाचे उत्तर या साध्या यंत्रात आहे. नांगर विकला जात नव्हता त्या वर्षांत कारखान्याच्या हाताशी विकण्याजोगा दुसरा माल होता. चिकाटीलाही पोट असते, आणि ते रोज भरावे लागते. ज्याच्याकडे आठवड्याला चार पैसे आणणारे एखादे किरकोळ, बिनकौतुकाचे काम असते तोच मोठ्या कामासाठी थांबू शकतो. लक्ष्मणरावांच्या गौरवग्रंथांत नांगराला पानेच्या पाने आणि कडबाकुट्टीला दोन ओळी मिळतात. हिशेब मांडायला बसलो तर मला ही वाटणी पटत नाही. नांगराची दोन वर्षे तगली ती या पात्यांच्या जिवावर. धंदा सुरू करणारे तरुण मोठ्या कल्पनेसाठी हातातले छोटे काम आधी बंद करतात, तेव्हा मला हीच गोष्ट त्यांना सांगावीशी वाटते.

आता नांगराकडे वळू. शेतकरी अडाणी होते म्हणून त्यांनी नांगर नाकारला, असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या बाजूने पाहू.

देशावरचा लाकडी नांगर बाभळीचा. गावातला सुतार तो बलुत्यावर करून देई. सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य घातले की झाले, रोख रुपया मोजावा लागत नसे. नांगराच्या टोकाला लावलेला फाळ लोहार ठोकून धार करून देई. नांगर मोडला तर दुसऱ्या दिवशी गावातच दुरुस्त होई. हा नांगर जमीन चिरतो, उलटत नाही. तो पाचरीसारखा मातीत घुसतो, माती दोन्ही अंगांना सांडते आणि दोन तासांच्या, म्हणजे चरांच्या, मध्ये न नांगरलेली पट्टी राहते. म्हणून उभे नांगरले की पुन्हा आडवे नांगरायचे. काळ्या रानात हराळी आणि कुंदा या तणांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर त्यांच्या अंगावरून नुसता फिरून जातो.

लोखंडी नांगराची रचनाच वेगळी. खाली रुंद फाळ जमिनीत आडवा शिरून मातीचा थर कापतो. त्याच्यामागे पिळदार पंखा असतो, तो कापलेला थर उचलून कुशीवर पालथा पाडतो. खालची माती वर येते, वरचे तण खाली गाडले जाते. उन्हाळ्यात अशी नांगरट केली की कुंद्याच्या मुळ्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघड्या पडून वाळतात. पण हा नांगर ओढायला जड. भारी रानात बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. एवढे बैल एका घरी कुठले? म्हणजे शेजाऱ्याशी पाळी बांधायची. शिवाय किंमत रोख मोजायची. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हा नांगर बिडाचा, ओतीव लोखंडाचा. गावच्या लोहाराला घडीव लोखंड कळते. ते तापते, वाकते, ठोकून त्याला धार येते. बीड ऐरणीवर ठेवून घण घातला तर तडकते. ऐन नांगरटीत फाळ बोथट झाला तर गावात कोणाकडे जायचे? जमीन हे ज्याचे एकमेव भांडवल आणि एक हंगाम चुकला तर ज्याला सावकाराचे दार गाठावे लागते, त्याने अनोळखी अवजाराविषयी सावध राहणे हा व्यवहार होता. ‘जमिनीला विष चढते’ हे वाक्य चुकीचे होते, पण त्याच्या पोटात ही सगळी खरी धास्ती भरलेली होती.

नकार मिळाला की विकणाऱ्याचे दोन रस्ते होतात. एक, गिऱ्हाइकाला समजत नाही असे म्हणून अधिक मोठ्याने बोलायचे. दुसरा, नकारामागचे कारण मालात शोधायचे. लक्ष्मणराव दुसऱ्या रस्त्याने गेले, असे पुढच्या हकिकतीवरून दिसते. सांगतात ते असे: दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकाने एकदम सहा नांगर नेले. एवढ्या प्रतीक्षेनंतर झालेली ही विक्री. आणि थोड्याच दिवसांत तक्रार आली की फाळाचे टोक मऊ आहे, टिकत नाही. दोन वर्षे वाट पाहिलेल्या माणसाने या क्षणी गिऱ्हाइकाच्या जमिनीला, बैलांना, नांगर चालवणाऱ्याला दोष देणे अगदी स्वाभाविक ठरले असते. लक्ष्मणरावांनी तक्रार खरी मानली आणि ते फाळाचे लोखंड सुधारायला बसले.

हे ‘बसणे’ म्हणजे काय, ते ओतशाळेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आधी लाकडाचा पॅटर्न करायचा, म्हणजे हव्या त्या भागाची लाकडी प्रत. ती हुबेहूब मापाची करून चालत नाही. बीड थंड होताना शेकडा सुमारे एक भाग आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. मग चौकटीत वाळू भरून तो पॅटर्न तिच्यात दाबायचा आणि अलगद काढून घ्यायचा. वाळूत ओल जास्त झाली तर तापलेला रस पडताच वाफ होऊन ओतकामात भोके पडतात. ओल कमी झाली तर कडा ढासळतात. मुठीत वाळू आवळून, ती मोडून, मोडलेली कड धारदार राहते का ते पाहून ओतारी ठरवतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. भट्टीत कच्चे लोखंड, कोक आणि चुनखडी थराथराने घालून खालून हवा फुंकायची. रस पांढुरका-पिवळा दिसू लागला की मोठ्या पळीत घेऊन न थांबता साच्यात ओतायचा. हात थांबला की मध्ये सांधा राहतो आणि तो भाग पुढे शेतात तिथेच तुटतो.

आता टणकपणाचा प्रश्न. बिडात कार्बन भरपूर असतो. रस वाळूत सावकाश थंड झाला तर हा कार्बन काजळीसारखा वेगळा होऊन लोखंडात पसरतो. असे बीड करड्या रंगाचे आणि कानशीला दाद देणारे असते, मातीत लवकर झिजते. तोच रस झटकन थंड केला तर कार्बनला वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी बांधलेला राहतो, आणि जे पांढरे बीड तयार होते ते इतके कठीण की त्याच्यावर कानस घसरते. पण ते ठिसूळ असते. सगळा फाळ तसा केला तर पहिल्या दगडावर त्याचे तुकडे होतील. म्हणून कसबी ओतारी साच्यात जिथे फाळाची धार येणार तिथे वाळूऐवजी धातूचा ठोकळा बसवतो. रस त्याला टेकला की तेवढीच कड झटकन गार होऊन कठीण बनते आणि मागचा भाग वाळूत सावकाश निवून मार खाण्याइतका चिवट राहतो. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर याने नांगराच्या बाबतीत हीच वाट काढून इंडियाना प्रांतात मोठा कारखाना उभारला होता. सांगायला ही युक्ती दोन ओळींची आहे. ठोकळा किती जाड घ्यायचा, रस किती तापलेला हवा, कच्च्या लोखंडाची कोणती जात घ्यायची, यातले काही जरा बदलले की एकतर धार मऊ निघते नाहीतर फाळ तडकतो. प्रत्येक वेळी ओता, निववा, फोडून आतला रंग पाहा, लिहून ठेवा, पुन्हा ओता. कष्ट हे असे असतात. बघणाऱ्याला कंटाळा येईल असे.

फाळ टिकू लागला आणि झिजला तर तेवढाच भाग काढून नवा बसवता येतो हे कळले, तेव्हा शेतकऱ्याची अर्धी धास्ती गेली. उरलेली अर्धी शेजाऱ्याच्या रानातले पीक पाहून गेली. शेतीतली नवी गोष्ट बांधावरून पसरते. दुसऱ्याच्या जमिनीला विष चढले नाही, हा पुरावा जाहिरातीला देता येत नाही.

नांगराने मूळ धरले तोच बेळगावात जागेचा प्रश्न उभा राहिला. कारखाना ठळकवाडीच्या भागात होता. शहर वाढत होते, नव्या वस्तीसाठी ती जमीन नगरपालिकेला हवी होती आणि कारखाना हलवण्याची नोटीस आली. यंत्रे उचलायची तर न्यायची कुठे, आणि नव्या जागेला पैसा कोण देणार? अशा वेळी औंध संस्थानचे काम आले. १९०९ मध्ये गादीवर आलेले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते, आणि लक्ष्मणरावांना ओळखणारे. औंधला देवीच्या मंदिराजवळ सभामंडप उभारण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर राजांनी आपल्या संस्थानात कारखाना घालण्यासाठी जमीन देऊ केली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले.

कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन लक्ष्मणरावांनी पसंत केली. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. पण रेल्वे दाराशी होती आणि जड माल करणाऱ्याला रेल्वे म्हणजे निम्मा धंदा. कोक, कच्चे लोखंड वाघिणीतून येणार आणि नांगर वाघिणीतून जाणार. निवडुंग कोयत्याने काढता येतो, रेल्वे आणता येत नाही. १० मार्च १९१० रोजी सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह या माळावर वस्ती सुरू झाली. पुढे त्या स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

त्या पहिल्या वर्षांविषयी लिहिताना एकट्या लक्ष्मणरावांचे नाव घेणे मला रास्त वाटत नाही. वसाहत आखणे, घरे बांधून घेणे, पाणी, साफसफाई हे सगळे रामूअण्णांनी अंगावर घेतले. शंभूराव जांभेकर यंत्रांचे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, के. के. कुलकर्णी व्यवस्थापनासाठी धावपळ करत. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटलेले, पण नवे यंत्र बसवण्यात त्यांचे डोके विलक्षण चाले. रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली आणि ती विश्वासाला उतरली. आजच्या भाषेत यांतल्या बहुतेकांचा बायोडेटा कुठल्याही कंपनीत पहिल्या फेरीत बाजूला पडला असता. आणि बेळगावातले बिऱ्हाड मोडून साप-विंचवांच्या माळावर चुली मांडणाऱ्या त्या घरांतल्या बायकांच्या कष्टांची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही. मालकाची चिकाटी नेहमी इतरांच्या जिवावरही चालते. लक्ष्मणरावांना याची जाणीव होती, हे त्यांनी कारखान्याबरोबरच गाव वसवले यावरून कळते. जमशेदपूरचा अपवाद सोडला तर त्या काळात आपल्याकडे असा विचार फारसा कोणी केला नव्हता.

वाडी रुळते न रुळते तोच १९१४ चे महायुद्ध आले. परदेशी नांगरांची आयात घटली, म्हणजे मागणी चालून आली. पण ज्या जहाजांनी परका नांगर येत नव्हता त्याच जहाजांनी कच्चे लोखंडही येत नव्हते. गिऱ्हाईक दाराशी आणि भट्टी थंड, अशी वेळ आली. लक्ष्मणराव कोल्हापूरला शाहू महाराजांकडे गेले. महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. या प्रसंगावर आजवर पुष्कळ काव्यमय बोलले गेले आहे. मला त्यातला व्यवहार अधिक भावतो. दारोदार भंगार शोधणाऱ्या माणसाला तोफ दिसली तेव्हा तिच्यात इतिहासाबरोबर बिडाचे वजनही दिसले, आणि ते मागायला त्याला संकोच वाटला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मेहनत केली म्हणून यश मिळाले, असा सरळ हिशेब या चरित्रातून निघत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधी नसते तर १९१० मध्ये यंत्रे विकून बंधूंना कुठेतरी नोकरी धरावी लागली असती, ही शक्यता खरी होती. स्वदेशीचे वारे, युद्धाने थांबलेली आयात, दोन जाणते संस्थानिक हे सारे लक्ष्मणरावांच्या हातातले नव्हते. तेवढीच मेहनत करून बुडालेले कारखानदार त्याही काळी होते आणि त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. धंद्यात अपयश आलेल्या माणसाला ‘कष्टात कमी पडलास’ असे म्हणणे म्हणूनच क्रूरपणाचे आहे. कष्टांनी एवढे नक्की होते की मदतीचा हात पुढे येतो तेव्हा आपल्याकडे दाखवायला काहीतरी असते. औंधच्या राजांनी १० हजार रुपये कल्पनेवर दिले नाहीत. शेतात चाललेला नांगर, चालू कारखाना आणि लोहकाम जाणणारी माणसे समोर होती. नोटीस १९०४ मध्ये, एकही नांगर खपला नसताना आली असती, तर राजांचा तो विश्वास बसायला आधार कसला होता?

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे त्याच्या मागून आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना त्यांनी जे वळण दिले तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. इथे इतकेच नोंदवायचे की ज्यांना दोन वर्षे शेतकऱ्याचे मन कळले नव्हते त्यांनी गिऱ्हाइकाशी नियमित बोलण्याची सोय स्वतः उभी केली.

पुढची संकटे थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा नमुना आता ओळखीचा झाला आहे. १९३० च्या सुमाराला जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव पडले आणि शेतकऱ्याची खरेदी आटली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही बसली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हरिहरला यंत्रांचा, बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा असे किर्लोस्करांचे नवे कारखाने सुरू झालेले होते.

या सगळ्यात मला सर्वांत बोलके वाटते ते १९२६ साल. त्या वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतले. त्याच सुमाराला वाडीत पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. विहिरीवर मोट ओढणाऱ्या शेतकऱ्याला पंप विकायचा म्हणजे पुन्हा तेच सारे. नवी वस्तू, रोख किंमत, गावात दुरुस्तीची सोय नाही. पण या वेळी कारखाना रिकाम्या हाताने सुरुवात करत नव्हता. पंपाचे बाहेरचे कवच शंखासारखे वळत जाणारे, आतून पोकळ. ते ओतायला साच्यात वाळूचाच गाभा टांगावा लागतो आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी यावी लागते. कुठे भोक राहिले तर दाबाखाली पाणी पाझरते. भोके का पडतात, बीड कुठे पांढरे होते आणि कुठे करडे राहते, रस किती तापला की पातळ भिंतीपर्यंत पोहोचतो, हे या ओतशाळेने फाळांवर शिकून घेतलेले होते. नांगराची मागणी पुढे ट्रॅक्टरने खाल्ली. पंप मात्र किर्लोस्करवाडीत अजूनही तयार होतात.